गड खणायला हात आमचे, तर नोंदही आमची



(हा लेख ग्रामसभेत मोठ्यानं वाचावा. म्हाताऱ्या माणसांना गोंडीत समजावून सांगावा.)

आपल्या पट्टीतल्या गडावर उत्खनन करायचं घाटत आहे. त्याचा एक कागद पंचायतीत येऊन पडला आहे. कागदावर मोठ्या अक्षरात ‘लोकसहभाग’ असं लिहिलं आहे. खाली वाचत गेलं की लोकांचा सहभाग काय ते कळतं. प्रत्येक गावानं वीस माणसं द्यायची. झुडपं तोडायची, दगड बाजूला करायचे, माती वाहायची. पहिले काही दिवस श्रमदान, म्हणजे फुकट. नंतर रोजी. कुठं खणायचं ते दुसरे ठरवणार. काय निघालं ते दुसरे लिहिणार. निघालेली वस्तू दुसरीकडे जाणार. आणि खणून झाल्यावर गडाभोवती कुंपण घालून पाटी लावणार.

याला सहभाग म्हणत नाहीत. याला बेगार म्हणतात. आपल्या आज्या-आज्यांनी जंगल खात्याची बेगार केली, मालगुजाराची बेगार केली. तेव्हा निदान कोणी तिला ‘लोकसहभाग’ असं गोड नाव दिलं नव्हतं.

पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या पेपरात येईल की संघटनेचा उत्खननाला विरोध आहे. आमचा विरोध नाही. गड खणला पाहिजे. आम्हालाच सगळ्यात जास्त गरज आहे तो खणायची. फक्त ती खणती ग्रामसभेच्या ठरावानं झाली पाहिजे, आणि जे निघेल त्याची लेखी नोंद ग्रामसभेच्या दप्तरात राहिली पाहिजे. एवढीच मागणी आहे. ती का करतो, ते नीट ऐका.

गड कोणाचा?

बाहेरून गड पाहायला येणारी मंडळी आपल्यालाच विचारतात, “इथं जंगलात गड कोणी बांधला? तुमचे लोक तर झाडाखाली राहत.” हसू येतं आणि रागही येतो. चंद्रपूरला जाऊन पाहा. शहराभोवतीचा परकोट गोंड राजांचा आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार मोठे दरवाजे आजही उभे आहेत, आणि त्यावर हत्ती-सिंहाचं गोंड राज्याचं चिन्ह कोरलेलं आहे. बल्लारपूरचा किल्ला गोंड राजांचा. आरमोरी तालुक्यातल्या वैरागडचा किल्ला गोंड राजांच्या राज्यातला. टिपागडच्या डोंगरावर तलाव आहे, तटाचे दगड आहेत. हे कोणी आकाशातून आणून ठेवलं नाही.

मग मालक बदलत गेले. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला. १८१८ साली इंग्रजांनी तोफा लावून चांद्याचा किल्ला घेतला. २१ ऑक्टोबर १८५८ ला त्याच चांद्याच्या तुरुंगात वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. मग जंगल खातं आलं आणि ज्या जंगलात गड होता ते जंगलच राखीव झालं. गडाच्या किल्ल्या या हातातून त्या हातात गेल्या. दगड उचलणारे, माती वाहणारे हात मात्र तेच राहिले.

अकबराच्या दरबारातल्या ‘आइन-ए-अकबरी’ या पुस्तकात वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचा उल्लेख आहे. हिरा लिहिला, खाण लिहिली. खाणीत कोण उतरत होतं ते कोणी लिहून ठेवलं नाही. आपला सगळा इतिहास असाच आहे. काम आपलं आणि वही दुसऱ्याची.

आता आपल्यातल्याच काही भावांना वाटतं की गड म्हणजे आपला राजा, राजाचं नाव झालं की आपलं नाव झालं. राजाचं नाव झालंच पाहिजे. चांद्याचा राजा हिरशहा याच्याबद्दल जुन्या सरकारी गॅझेटियरात लिहिलेलं आहे की जो जंगल तोडून वावर करील त्याला जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्यानं भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा नियम होता. हे ध्यानात ठेवा. त्या राज्यात खणणाऱ्याला जमीन मिळत होती. आजच्या राज्यात खणणाऱ्याला जबरानजोतीची नोटीस मिळते. म्हणून राजाची आठवण मी पण काढते. पण गड नुसता राजाचा नसतो. राजा एका कोपऱ्यात राहतो. बाकी गडावर पाणक्या असतो, लोहार असतो, ढोरकी असतो, धान कांडणारी बाई असते, पहाऱ्यावर रात्र काढणारा शिपाई असतो. तटाचा दगड ज्यानं फोडला त्याची झोपडी गडाच्या खाली कुठंतरी होती. त्या झोपडीची जागा आपल्या वावरात, आपल्या बोडीच्या पाळीवर, आपल्या आखराच्या जागी आहे. तिथली खणती कोण करणार? कागदात फक्त वरचा वाडा आणि दरवाजा लिहिला आहे.

मातीचे थर म्हणजे फेरफार

उत्खनन म्हणजे काय हे आपल्या लोकांना नीट कोणी सांगत नाही, म्हणून पोटात भीती असते की काहीतरी सोनंनाणं काढून नेणार. खरी गोष्ट वेगळी आहे.

आपण म्हणतो ना, गावाची एक काळी आणि एक पांढरी. काळी म्हणजे शेताची माती, पांढरी म्हणजे जिथं माणसं राहिली ती माती. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेण, कोंडा, हाडं हे सगळं वर्षानुवर्षं साठून ती माती पांढुरकी होते. गाव उठलं तरी पांढरी तिथंच राहते. पुरातत्त्ववाले हीच पांढरी शोधत फिरतात. ते दोरी लावून चौकोन आखतात. मग एकदम खोल खड्डा खणत नाहीत. एक-एक थर काढतात. वरचा थर नवीन, खालचा जुना. ज्या थरात जे सापडलं ते त्याच थराच्या नावानं लिहून ठेवतात. वस्तू किती खोल सापडली, कशाच्या शेजारी सापडली, मातीचा रंग काय होता, हे सगळं मोजून वहीत चढवतात. खापराच्या तुकड्याच्या घडणीवरून काळ सांगता येतो. चुलीतला कोळशाचा तुकडा जपून प्रयोगशाळेत पाठवला तर त्यावरून किती वर्षं झाली याचा अंदाज निघतो.

म्हणजे मातीचे थर हे तलाठ्याच्या फेरफाराच्या वहीसारखेच आहेत. कोण आलं, कोण गेलं, कधी आग लागली, कधी नवीन भिंत चढली, सगळं एकावर एक लिहिलेलं. फरक इतकाच की ही वही कोणी पैसे घेऊन बदलू शकत नाही. पण ती एकदाच वाचता येते. थर काढला की संपला. पुन्हा तसाच लावून ठेवता येत नाही. मग जी नोंद वहीत झाली तीच राहते, आणि जी नाही झाली ती कायमची गेली. म्हणून वही कोणाच्या हातात आहे हा फालतू प्रश्न नाही.

नागपूरजवळ नायकुंड इथं खणलं तेव्हा लोखंड गाळायची भट्टी सापडली, अडीच हजार वर्षांहून जुनी. ती राजवाड्यात सापडली नाही. कष्ट करणाऱ्यांच्या वस्तीत सापडली. आपल्या शिवारात लोखंड गाळून उरलेलं काळं, भोकं पडलेलं किट्ट नांगराला लागतं की नाही? आपण ते उचलून धुऱ्यावर फेकतो. ते फेकण्यासारखं नाही. ते सांगतं की इथं माणसं लोखंड गाळून विळे-कुऱ्हाडी बनवत होती.

आणि बायांनो, हे तुमच्यासाठी. खणतीवर बाईला घमेलं देतात आणि पुरुषाच्या हाती कुदळ. हुशार माणसाच्या हाती वही. पण चूल कोणती आणि नुसता जळका खड्डा कोणता, हे आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळतं? पाट्यावर मिरची वाटली की मोहफूल कुटलं, दगड कुठं झिजला आहे, हे आपण हात फिरवून सांगू शकतो. राखेत कशाची टरफलं आहेत ते ओळखू शकतो. हे ज्ञान आहे. याची रोजी मिळत नाही, म्हणून ते ज्ञान नाही असं होत नाही.

“बोडी किती जुनी?”

मी बारावी शिकलेली आहे. म्हणून गावच्या वनहक्क समितीचे कागद माझ्याकडं असतात. आमचा सामूहिक दावा परत आला. शेरा होता, ‘पुरावा अपुरा’. दाव्यात आम्ही बोडी लिहिली, जुनी विहीर लिहिली, मृतकांच्या नावानं उभे केलेले दगड लिहिले, देवाचं ठाणं लिहिलं. समोरच्या साहेबानं विचारलं, “बोडी किती जुनी?” आमचा डोकरा म्हणाला, “माह्या आज्याच्या आज्यानं पाहिली.” साहेब म्हणाले, “हे लिहून कसं घेऊ?”

कायदा काय म्हणतो ते त्या दिवशी टेबलावर होतं. २००६ च्या वनहक्क कायद्याचे २००८ चे नियम. त्यातला नियम १३ प्रत्येक ग्रामसभेनं भिंतीवर लिहून ठेवावा. त्यात पुरावा म्हणून काय काय चालतं याची यादी आहे. विहिरी, दफनभूमी, पवित्र जागा अशा जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक रचना चालतात. जमिनीवर केलेली बांधबंदिस्ती चालते. वंशावळ चालते. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तो चालतो. आणि सामूहिक हक्कासाठी तर स्पष्ट लिहिलं आहे की स्थानिक समाजानं बांधलेल्या रचनांचे अवशेष हा पुरावा आहे. अवशेष! गडाखालची पडकी विहीर, मोडकी पाळ, वस्तीचा ओटा, हे सगळे अवशेषच आहेत. डोकऱ्याचं बोलणं लिहून घ्यायचं होतं. कायद्यानं घ्यायलाच पाहिजे होतं.

इथं घोटाळा होऊ देऊ नका. आदिवासीला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवायचा आहे, बस. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांची अट आपल्या शेजारच्या बिगर-आदिवासी वननिवासी भावांना आहे. कोणी आदिवासीकडं ७५ वर्षांचा कागद मागितला तर त्याला नियम दाखवा. पण शेजारी ढिवर आहे, गोवारी आहे, त्याची वस्तीही त्याच बोडीवर वाढली. त्याच्या दाव्याला जुन्या वस्तीचा पुरावा मोठा आधार होईल. एकाच मातीतून दोघांचं काम होतं.

आणि हेही खरं आहे की चारशे वर्षांचं खापर एकटं काही बोलत नाही. त्यावर माझ्या पणजोबाचं नाव लिहिलेलं नसतं. म्हणूनच नियमात एकापेक्षा जास्त पुरावे बघायला सांगितलं आहे. खापर, त्याच जागेचं गोंडी नाव, म्हाताऱ्यांचा जबाब, निस्तार पत्रक, वंशावळ, हे सगळं एका दाव्यात एकाला एक लावून ठेवलं की मग ‘अपुरा’ लिहिताना साहेबाचा हात थांबेल. पण त्यासाठी खणतीची नोंद आपल्या हातात पाहिजे. ती शहरातल्या कपाटात इंग्रजीत पडून राहिली तर तिचा आपल्या दाव्याला काय उपयोग?

पाटी लागली की काय होतं?

दुसरी बाजू पण पाहा. गड केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक झाला तर १९५८ चा स्मारकांचा कायदा लागतो. त्यात २०१० च्या दुरुस्तीनं स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला बंदी आणि त्यापुढं आणखी २०० मीटर परवानगीशिवाय काही करता येत नाही. म्हणजे एकूण ३०० मीटर. आता आपापल्या मनात गडाच्या पायथ्यापासून ३०० मीटर चालून पाहा. कोणाचं घर येतं? कोणाची बांधी येते? गोटूल येतं का? देवाचं ठाणं येतं का? घरकुल मंजूर झालं आणि नंतर कळलं की ते बंदीच्या आत आहे, तर कोणाच्या दारात जायचं?

गडाचं जतन नको असं मी म्हणत नाही. गडाचे दगड कोणी ट्रॅक्टरनं नेऊ नयेत हे आम्हालाही वाटतं. पण कोणती पाटी, कोणत्या कायद्याची, किती मीटर, चराई चालू राहील की नाही, मोहफूल वेचता येईल की नाही, जत्रा भरेल की नाही, हे सगळं खणायच्या आधी लेखी पाहिजे. नंतर नाही. आपल्या जंगलात आधी पाटी लागते आणि अर्थ मागून कळतो, हे आपण पुष्कळदा पाहिलं आहे.

दूरदेशीची एक गोष्ट

कोणी म्हणेल, गावानं गड सांभाळायचा, हे कुठं होतं का? होतं. ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, रीतीभाती वेगळ्या. नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन सरदारांनी त्यांच्या मुलखात घुसून गढ्या बांधल्या. त्यातली एक नेव्हर्न गावची. ११९१ साली वेल्श राजा ऱ्हिस यानं ती परत घेतली, आणि पुढं काही वर्षांत वेल्श लोकांनीच ती मोडून टाकली, की शत्रूच्या पुन्हा कामी येऊ नये.

आज त्या गढीची जागा कोणाच्या मालकीची आहे? नेव्हर्नच्या गावपंचायतीच्या. आणि तिथलं राष्ट्रीय उद्यानाचं खातं पंचायतीच्या सोबतीनं तिची देखभाल करतं. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्याकडं गाव उठवायची भाषा सुरू होते. तिथं गाव मालक आहे आणि उद्यान मदतीला आहे. २००८ पासून तिथं डरहम विद्यापीठाचे लोक येऊन खणू लागले, गावातले आणि बाहेरचे स्वयंसेवक सोबत घेऊन. त्यांना तिथं दरवाज्याच्या वाटेत दगडी पाट्या सापडल्या. पाट्यांवर चांदण्यांसारखी चिन्हं ओरखडलेली. बाराव्या शतकातल्या. अभ्यासकांना वाटतं की बांधकामावरच्या साध्या मजुरानं वाईट नजर लागू नये म्हणून ती कोरली असावीत. सरदाराचं नाव तर पुस्तकात होतंच. त्या खणतीत मजुराचा हात सापडला.

आपणही दाराला, कोठीला, नांगराला खुणा करतोच. आपल्या गडाच्या दरवाज्यात अशी खूण असेल, तर ती ओळखायला तिथं आपलाच माणूस उभा पाहिजे. नाहीतर ‘दगडावर ओरखडे’ म्हणून घमेल्यात जाईल.

समोरून काय बोलतात

पहिलं बोलतात, “तुम्हाला यातलं शास्त्र येत नाही.” बरोबर आहे. म्हणून जाणकार माणूस पाहिजेच. संरक्षित जागी परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे, आणि परवाना संस्थेला मिळतो, हे आम्हाला माहीत आहे. आम्ही त्यांना घालवत नाही. पण शास्त्र शिकता येतं. दहावी-बारावी झालेली पाच पोरं आणि पाच पोरी त्यांच्याजवळ बसून मोजमाप, नकाशा, नोंद शिकतील. विद्यापीठात शिकवता, तर इथं शिकवायला काय हरकत आहे?

दुसरं बोलतात, “गड सगळ्या महाराष्ट्राचा आहे, एका जातीचा नाही.” असू द्या सगळ्यांचा. जंगल पण सगळ्या देशाचं आहे असं सांगतात. वणवा लागला की विझवायला मात्र आम्हीच जातो. सगळ्यांचं आहे म्हणून जवळच्याचा हक्क जात नाही. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला अधिकार देतं की आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला धक्का लावणारी गोष्ट थांबवावी. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगराचा प्रश्न आला तेव्हा १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं तो ग्रामसभांसमोर ठेवायला लावला. बारा ग्रामसभा बसल्या. बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. आम्ही तर गडाच्या खणतीला हो म्हणायला बसलो आहोत. निदान हो तरी आमच्या तोंडून घ्या.

तिसरं आपलेच लोक बोलतात. “पोट भरत नाही आन् दगडं कायले उकरता?” हा प्रश्न खोटा नाही. पण पट्टा मिळाला नाही तर पोट कशावर भरणार? बोडी आपली ठरली नाही तर मासोळी कोणाची, पाणी कोणाचं? दगड उकरण्यात पोटाचाच प्रश्न आहे.

गुप्तधनवाल्यांना गावबंदी

आता घरातलं बोलू. अमावस्येच्या रात्री गाडी घेऊन बाहेरचे लोक गडावर येतात. सोबत मांत्रिक असतो, लिंबू असतो, आणि वाट दाखवायला आपल्याच गावचा एखादा पोट्टा असतो. सोन्याचा हंडा शोधतात. हंडा कधी कोणाला सापडला ते मी ऐकलं नाही. सकाळी मात्र सबलीनं फोडलेला ओटा, उलटवलेली मूर्ती आणि पुरुषभर खड्डा दिसतो. त्या खड्ड्यात चार-पाचशे वर्षांचे थर एका रात्रीत कालवून टाकलेले असतात. म्हणजे आपल्याच फेरफाराची पानं आपल्याच माणसानं पाच-सातशे रुपयांसाठी फाडून दिली.

१८७८ चा गुप्तधनाचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं आणि कलेक्टरला कळवलं नाही तर तुरुंग होऊ शकतो. गाडीवाले पळून जातात, सापडतो आपला पोट्टा. म्हणून गडावर रात्री खणणाऱ्याला वाट दाखवायची नाही, असा ठराव करा. नांगरताना काही सापडलं, नाणं असो, मूर्ती असो, मणी असो, तर जागेवर खूण करा, ग्रामसभेच्या वहीत लिहा, आणि ग्रामसभेमार्फत कळवा. कळवल्याची पोच घ्या. विकू नका. विकलं की वस्तूचे पैसे मिळतात पण जागा मुकी होते.

ठरावात काय लिहायचं

खणतीचा कागद ज्या-ज्या गावात येईल तिथं पंचायतीच्या सहीवर काही होऊ देऊ नका. ग्रामसभा बोलवा. निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत. मग ठरावात हे लिहा:

१. खणायच्या आधी ग्रामसभेचे लोक आणि खणणारे लोक मिळून गडाचा फेरा घालतील. बोडी, विहीर, दफनाची जागा, देवाचं ठाणं, जुन्या वस्तीची पांढरी हे सगळं गोंडी नावासकट नकाशावर चढेल. नकाशाची एक प्रत ग्रामसभेत राहील.

२. देवाच्या ठाण्याला आणि मृतकांच्या दगडांना हात लागणार नाही. गायता आणि वडीलधारी माणसं जिथं नाही म्हणतील तिथं कुदळ पडणार नाही.

३. श्रमदान नाही. पहिल्या दिवसापासून पूर्ण रोजी, मस्टरवर. बाई-पुरुषाला सारखी.

४. नुसता वाडा आणि दरवाजा नाही. गडाखालच्या कष्टकऱ्यांच्या वस्तीची, लोखंड गाळायच्या जागेची, उकिरड्याची पण खणती होईल.

५. रोजची नोंद मराठीत, दोन प्रतीत. एक प्रत रोज संध्याकाळी ग्रामसभेच्या माणसाच्या सहीनं गावात राहील. सापडलेल्या प्रत्येक वस्तूची यादी आणि फोटो मिळेल. वस्तू अभ्यासाला बाहेर गेली तर पावती, आणि परत कधी येणार ते लेखी.

६. अहवालात खणणाऱ्या प्रत्येक बाई-माणसाचं नाव आणि गाव छापलं जाईल. ‘स्थानिक मजूर’ एवढं लिहून चालणार नाही.

७. कोणत्या कायद्याची पाटी लागणार ते आधी लेखी. वनहक्काचे दावे निकाली निघाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही, हे वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. ते ठरावात नमूद करा. चराई, मोहफूल, तेंदूपत्ता, जत्रा चालू राहतील.

८. अहवालाची एक प्रत आणि रोजच्या नोंदी आमच्या सामूहिक दाव्याला जोडायचा ग्रामसभेला हक्क राहील.

हे आठ मुद्दे मान्य असतील तर उद्या सकाळी कुदळ-फावडं घेऊन आम्ही गडावर हजर. वीस कशाला, पन्नास माणसं येतील. मान्य नसतील तर गड इतकी शेकडो वर्षं मातीखाली थांबला आहे, अजून थांबेल. आम्हाला घाई नाही. घाई त्यांना आहे ज्यांचं अनुदान मार्च महिन्यात परत जातं.

ज्या गावांनी ठराव केला त्यांनी त्याची प्रत पुढच्या अंकाच्या आधी संघटनेच्या कार्यालयात पोचवावी. ज्या गावात लिहिणारा माणूस नाही त्यांनी निरोप पाठवावा, आम्ही येऊन लिहून देऊ. म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्यायचं काम मात्र खणतीची वाट न बघता याच महिन्यात सुरू करा. माती थांबेल, डोकरा-डोकरी थांबणार नाहीत.

जय सेवा! जल-जंगल-जमीन आणि जुनी पांढरी, ग्रामसभेची!